जेन एअर : पुस्तकांतली आणि पडद्यावरची

इ. स. १८४७ च्या ऑक्टोबर महिन्यांत लंडनच्या स्मिथ, एल्डर आणि कंपनीनें तीन खंडांची एक कादंबरी प्रसिद्ध केली. मुखपृष्ठावर 'जेन एअर : एक आत्मचरित्र' असें नांव होतें आणि खालीं संपादक म्हणून 'करर बेल' हीं अक्षरें होतीं. हा करर बेल पुरुष कीं स्त्री, याचा उलगडा कोणालाच होईना. ग्रंथ मात्र हातोहात खपला. पुढें कळलें तें असें कीं, यॉर्कशायरमधील हॉवर्थ या उजाड टेकड्यांवरच्या गांवांतील पाद्रीबोवांची एकतीस वर्षांची अविवाहित कन्या शार्लट ब्रॉन्टे ही या पुस्तकाची लेखिका होय.

मूकपटांच्या आरंभकाळापासून तों थेट एकविसाव्या शतकापर्यंत या कादंबरीनें पडद्यावर किती जन्म घेतले याची मोजदाद करणें कठीण आहे. एकाच गोष्टीकडे इतक्या दिग्दर्शकांनीं वळावें यांत नवल नाहीं. जुना वाडा, रात्रीचें भेसूर हास्य, बिछान्याला लागलेली आग, लग्नमंडपांत उघडकीस येणारें रहस्य, एवढी सामग्री एकाच ठिकाणीं आयती मिळाली म्हणजे चित्रपटवाल्यांनीं आणखी काय मागावें? नवल आहे तें निराळ्याच गोष्टीचें. ही सारी सामग्री पडद्यावर चढवूनहि जेन एअर तेथें आली असें क्वचितच घडतें. तें कां, हें पाहण्यासारखें आहे.

कथेचा सांगाडा असा. आईबाप वारलेली जेन गेट्सहेड येथें मामीच्या घरीं दुजाभावांत वाढते. दहाव्या वर्षीं तिची रवानगी लोवुड नांवाच्या धर्मादाय शाळेंत होते. तेथें अपुरें अन्न, गोठलेलें पाणी, आणि मग तापाची सांथ. जिवलग मैत्रीण हेलन बर्न्स तिच्या कुशींतच क्षयानें मरण पावते. हा भाग निव्वळ कल्पनेचा नव्हे. ब्रॉन्टेच्या दोन थोरल्या बहिणी, मेरिया व एलिझाबेथ, अशाच एका शाळेंतून आजारी होऊन घरीं आल्या आणि १८२५ सालीं वारल्या. मोठी झाल्यावर जेन लोवुडमध्येंच शिक्षिका होते, सालिना १५ पौंडांवर. पुढें वर्तमानपत्रांत जाहिरात देऊन थॉर्नफील्डच्या वाड्यांत एका लहान मुलीला शिकविण्याची नोकरी ती मिळवते, सालिना ३० पौंडांवर. मालक रॉचेस्टर तिच्याहून जवळजवळ वीस वर्षांनीं मोठा, कुरूप, तिरसट आणि बुद्धिमान. दोघांचें प्रेम जमतें, लग्नाचा दिवस उजाडतो, आणि देवळांतच एक वकील उठून सांगतो कीं, या गृहस्थाची पहिली बायको जिवंत आहे. ती वेडी असून त्याच वाड्याच्या माळ्यावर कोंडलेली आहे.

मराठी वाचकाला येथें प्रश्न पडेल कीं, मग त्यानें तिला सोडचिठ्ठी कां दिली नाहीं? १८५७ पर्यंत इंग्लंडांत पूर्ण घटस्फोट हवा असल्यास पार्लमेंटांतून स्वतंत्र कायदा करून घ्यावा लागे. आणि जोडीदाराचें असाध्य वेड हें घटस्फोटाचें कारण म्हणून तेथील कायद्यानें मान्य केलें तें १९३७ सालीं. म्हणजे रॉचेस्टरला सुटका नव्हती. आपल्याकडे हा पेंच जुन्या काळीं पडताच ना. कारण हिंदु पुरुषाला दुसरी बायको करण्यास मुंबई प्रांतांत कायद्यानें प्रतिबंध झाला तो १९४६ सालीं. गोष्टीचा सारा डोलारा त्या एका कायद्याच्या खांबावर उभा आहे हें ध्यानांत ठेवलें म्हणजे जेनच्या पुढल्या कृतीचें वजन कळतें.

ती कृति म्हणजे घर सोडून जाणें. रॉचेस्टर तिला दक्षिण फ्रान्समध्यें आपल्याबरोबर राहण्यास विनवितो. तो दुःखी आहे, तिचें त्याच्यावर प्रेम आहे, तिला जगांत दुसरें कोणी नाहीं, आणि तिच्या अब्रूची फिकीर करणाराहि कोणी नाहीं. हें सगळें ती मनाशीं कबूल करते आणि तरी पहाटेस निघून जाते. जवळ वीस शिलिंग असतात, तेवढे गाडीवानाला देते. तितक्या पैशांत गाडी जेथवर जाईल तेथें उतरते. आणि कपड्यांचें गाठोडें गाडींतच विसरते. मग माळावर उघड्यावर झोप, दारोदार कामाची याचना, हातमोजे देऊन पाव मागणें, आणि शेवटीं डुकरापुढें टाकावयाची थंडगार लापशी मागून घेऊन खाणें. ब्रॉन्टेनें ही तीन दिवसांची वणवण इतक्या बारकाईनें लिहिली आहे कीं, नीतीची किंमत रोख पैशांत आणि भाकरींत मोजावी लागते हें वाचकाच्या पोटांत उतरतें.

आतां पडद्याकडे वळूं. बोलपटाच्या पहिल्या दशकांत, १९३४ सालीं, एका लहान अमेरिकन कंपनीनें तासाभराचा एक पट काढला. त्यांतली सोनेरी केसांची सुरेख जेन पाहून पुस्तकाची आठवण होणें कठीण. त्याविषयीं अधिक लिहिण्याचें कारण नाहीं. खरा विचार करावा असा पट आला तो १९४३ च्या अखेरीस. दिग्दर्शक रॉबर्ट स्टीव्हनसन, जेन झाली जोन फॉन्टेन, आणि रॉचेस्टर ऑर्सन वेल्स. पटकथेंत ऑल्डस हक्स्लेचा हात होता आणि संगीत बर्नार्ड हर्मनचें. काळ्यापांढऱ्या छायांची ती योजना, धुक्यांतून दौडत येणारा घोडा, भिंतींवर नाचणाऱ्या मेणबत्तीच्या सावल्या, हें सर्व आजहि पाहणाऱ्याला धरून ठेवतें. हेलन बर्न्सच्या छोट्या भूमिकेंत अकरा-बारा वर्षांची एलिझाबेथ टेलर आहे. तिचें नांवहि तेव्हां नामावळींत दिलें नव्हतें.

या पटाच्या आरंभीं एक ग्रंथ उघडतो, छापील पान दिसतें आणि जेनचा आवाज तें वाचूं लागतो. प्रेक्षकाला वाटतें, मूळ पुस्तकच आपल्यापुढें ठेवलें. वस्तुतः त्या पानावरचीं वाक्यें ब्रॉन्टेचीं नव्हेतच. तीं स्टुडिओंत लिहिलेलीं आहेत. ही लबाडी बारीक खरी, पण तींत सगळा पट सांठवलेला आहे. पुस्तकाचा मान राखल्याचा देखावा पुरा, आणि पुस्तक मात्र दुसरेंच.

वेल्सचा आवाज घनगंभीर, देह विशाल, आणि कॅमेरा पुष्कळदां त्याला खालून पाहतो. तो पडद्यावर आला कीं इतर सारे लहान होतात. फॉन्टेननें डोळे वर करून त्याच्याकडे पाहावें आणि त्याच्या पुढच्या शब्दाची वाट पाहावी, असा प्रकार. मूळ जेन अशी नाहीं. तिचें शरीर लहान, रूप सामान्य. परंतु तिची जीभ धारदार आहे. आपण सुंदर आहों काय असें रॉचेस्टरनें विचारतांच ती पटकन् नाहीं म्हणून मोकळी होते. गरीब, सामान्य रूपाची आणि लहानखुरी म्हणून आपल्याला आत्मा नाहीं असें समजूं नका, असें ती त्याला बागेंत तोंडावर सुनावते. हा संवाद १९४३ च्या पटांत आहे. पण तो ज्या मुद्रेनें उच्चारला जातो ती मुद्रा बरोबरीची नाहीं. ती आर्जवाची आहे. शब्द राहिले आणि अर्थ निसटला.

याहून मोठी काटछांट पुढें आहे. थॉर्नफील्ड सोडल्यावर या पटांतली जेन सरळ मामीच्या घरीं जाते. माळावरची वणवण नाहीं, लापशी नाहीं, आणि जिच्या दारांत ती कोसळते त्या रिव्हर्स भावंडांचें घरहि नाहीं. रिव्हर्स हें आडनांव तेवढें लोवुडच्या एका कनवाळू डॉक्टरला देऊन टाकलें आहे! वेळ वाचविण्यासाठीं हें केलें असें म्हणतां येईल. परंतु रिव्हर्सांच्या घराबरोबर दोन गोष्टी गेल्या, आणि त्या दोन्ही गोष्टींवांचून शेवट लंगडा होतो.

पहिली गोष्ट पैशाची. परदेशीं राहणारा जेनचा चुलता तिला २० हजार पौंड ठेवून मरतो. रिव्हर्स भावंडें ही आपलीं आतेभावंडें आहेत असें कळतांच ती त्या रकमेचे चार सारखे भाग करते आणि स्वतःस ५ हजार ठेवते. ज्या बाईनें वर्षाला ३० पौंडांवर चाकरी केली तिच्या दृष्टीनें ही रक्कम म्हणजे स्वातंत्र्य. रॉचेस्टरकडे ती परत जाते तेव्हां ती कोणाची नोकर नाहीं आणि आश्रितहि नाहीं. ब्रॉन्टेला प्रेमकथा लिहावयाची होती खरी, पण ती लिहितांना तिनें हिशेबाची वही कोठेंहि मिटलेली नाहीं. या कादंबरींतल्या पगाराचे व वारशाचे आंकडे गाळणारा दिग्दर्शक नायिकेचा कणाच काढून घेतो.

दुसरी गोष्ट सेंट जॉन रिव्हर्सची. हा तरुण पाद्री रूपवान, कर्तबगार आणि बर्फासारखा थंड आहे. त्याला हिंदुस्थानांत धर्मप्रचारासाठीं जावयाचें असतें. तो जेनला जर्मन सोडून हिंदुस्थानी भाषा शिकावयास लावतो आणि मग लग्नाची मागणी घालतो, प्रेम म्हणून नव्हे, कार्याला सोबत म्हणून. जेन म्हणते, सहकारी म्हणून येतें, पत्नी म्हणून नाहीं. रॉचेस्टरला तिनें नकार दिला तो विवाहावांचून प्रेम नको म्हणून. सेंट जॉनला नकार देते तो प्रेमावांचून विवाह नको म्हणून. एक नकार दुसऱ्याशिवाय अर्धा आहे. पहिलाच तेवढा दाखविला तर जेन ही केवळ रूढीला भिणारी मुलगी ठरते.

१९७० सालीं डेल्बर्ट मॅनच्या पटांत हा पाद्री परत आला. १९८३ सालीं बी. बी. सी. नें दूरचित्रवाणीसाठीं अकरा भागांची मालिका काढली तेव्हां तर बहुतेक सारेंच परत आलें. टिमथी डाल्टन आणि झीला क्लार्क यांनीं ब्रॉन्टेचे लांबलचक संवाद जवळजवळ जसेच्या तसे म्हटले आहेत. जिप्सी म्हातारीचा वेष घेऊन रॉचेस्टर पाहुण्यांचें भविष्य सांगतो तो प्रसंग, जो पडद्यावर विनोदी दिसेल म्हणून पुष्कळ जण गाळतात, तोहि येथें आहे. खोल्यांच्या भिंती कधीं कधीं रंगभूमीवरच्या वाटतात, आणि डाल्टन कुरूप दिसणें सर्वथा अशक्य आहे. तरीहि ज्यांना पुस्तक तोंडपाठ आहे असे पुष्कळ वाचक याच मालिकेकडे वळतात, आणि तें योग्यच आहे. संवादांत हीं दोन माणसें एकमेकांना जिंकतात. तो संवाद ऐकावयास वेळ दिल्याशिवाय त्यांचें प्रेम पटत नाहीं.

१९९६ चा फ्रांको झेफिरेलीचा पट याच्या उलट घाईंत आहे. शार्लट गेन्सबर्गचा गंभीर, लांबट चेहरा जेनला शोभतो. विल्यम हर्टचा रॉचेस्टर थकलेला व मवाळ आहे. परंतु दिग्दर्शकानें एक फेरफार असा केला आहे कीं, त्याला क्षमा करणें कठीण. जेन गाडींत बसून निघते आणि त्याच वेळीं वाड्याला आग लागते! मूळांत वाडा जळतो तो ती गेल्यानंतर कांहीं आठवड्यांनीं, सुगीच्या सुमारास, आणि तिला त्याची वार्ता कळते जवळजवळ वर्षानें. तेवढा सारा काळ ती वेडी बायको जिवंत आहे असें समजून स्वतःच्या निर्णयासह जगत असते. झेफिरेलीच्या पटांत निर्णयाला घटकाभराचेंहि आयुष्य मिळत नाहीं; नशीब आपलें मागोमाग येऊन अडचण जाळून टाकतें.

२००६ ची बी. बी. सी. ची चार भागांची मालिका अधिक उष्ण रक्ताची आहे. रूथ विल्सनची जेन हंसते, रागावते, तिच्या चेहऱ्यावर विचार उमटतांना दिसतो. निरोपाचा प्रसंग मात्र येथें शय्येवर, आलिंगनांत घडतो. आजच्या प्रेक्षकाला त्यांत मोहाची तीव्रता दिसावी हा हेतु असावा. पण पुस्तकांतल्या त्या प्रसंगांत मोहापेक्षां भीति अधिक आहे. रॉचेस्टर तिला हाताच्या एका झटक्यानें मोडूं शकला असता, आणि ज्या मनाची त्याला इच्छा आहे तें मन तसें केल्यानें हातीं लागणार नाहीं हें त्याला त्याच क्षणीं उमगतें. मालिकेंत तो विनवितो आणि ती रडते. हें करुण आहे, भयंकर नाहीं.

२०११ सालीं केरी फुकुनागानें काढलेल्या पटांत एक युक्ति आहे आणि ती साधी असूनहि फार उपयोगी पडली. पटकथाकार मोइरा बफिनीनें गोष्ट मधूनच सुरू केली. पहिल्याच दृश्यांत जेन वाडा सोडून पळते आहे. माळ, पाऊस, आणि रिव्हर्सांचें दार. मागील आयुष्य तिला तेथें बसून आठवतें. यामुळें दोन तासांच्या पटांत जो भाग नेहमीं शेवटीं राहतो आणि म्हणून कापला जातो, तोच पाया बनला. सेंट जॉन आला, वारसा आला, दुसरा नकार आला. मिया वासिकोव्स्का वयानेंहि जेनला जुळणारी, आणि तिचें मौन बोलकें आहे. मेणबत्तीच्या उजेडांत खोलीचा अर्धा भाग अंधारांत राहतो. त्या काळचीं घरें रात्रीं अशींच दिसत असतील. तोटा एवढाच कीं, ती कोणापासून व कां पळते हें ठाऊक नसलेल्या प्रेक्षकाला आरंभीं दया वाटते, धाक वाटत नाहीं. आणि मायकेल फासबेंडरचा रॉचेस्टर इतका देखणा आहे कीं, जेननें त्याला सुंदर नाहीं म्हणावें हें खोटेंच वाटतें.

आतां त्या माळ्यावरच्या बाईविषयीं. बर्था मेसन ही जमेकांतील स्पॅनिश टाउनच्या एका श्रीमंत मळेवाल्याची मुलगी. तिच्याबरोबर ३० हजार पौंड हुंडा आला आणि त्या हुंड्यासाठींच रॉचेस्टरच्या बापानें तें लग्न जुळविलें. जमेकांतली मळेवाल्यांची संपत्ति गुलामांच्या कष्टांतून आलेली होती, हें सांगावयास नकोच. कादंबरींत बर्थाला एकहि सबंध भाषण नाहीं. जेनला ती हिंस्र श्वापदासारखी दिसते. १९४३ च्या पटांत तर ती धड दिसतच नाहीं. आरोळी ऐकूं येते, दार हादरतें आणि पाहणाऱ्यांचे चेहरे पांढरे पडतात. भीतीच्या दृष्टीनें ही योजना उत्तम. पण १९६६ सालीं डोमिनिका बेटावर जन्मलेल्या जीन ऱ्हीस या लेखिकेनें 'वाइड सारगॅसो सी' ही कादंबरी लिहून बर्थाची बाजू मांडली, आणि तेव्हांपासून माळ्याचें दार निर्धास्तपणें बंद ठेवणें कोणाला जमेना. २००६ च्या मालिकेंत तिच्या खिडकींतून लाल वस्त्र फडफडतांना दिसतें, आणि वेस्ट इंडीजमधील तिच्या तारुण्याचीहि चुणूक दिसते. रॉचेस्टरविषयींची आपली सहानुभूति यामुळें थोडी कमी होते. ती कमी झाल्यानें जेनचें सोडून जाणें अधिकच समजूं लागतें.

या गोष्टीनें मुंबईच्या चित्रपटसृष्टींतहि जन्म घेतला होता. १९५२ सालीं आर. सी. तलवार यांचा 'संगदिल' निघाला. दिलीपकुमार आणि मधुबाला हीं प्रमुख पात्रें, आणि संगीत सज्जाद हुसेन यांचें. हिंदी पटाच्या जगांत पगारी गृहशिक्षिका ही व्यक्ति ओळखीची नव्हती. म्हणून नायिका नायकाची बालमैत्रीण झाली आणि पुढें पुजारीण. जेनचें सारें आयुष्य परक्या घरीं चाकरी करण्यांत गेलें; तिच्या जागीं बाळपणचें नातें आलें कीं कथेंतला परकेपणा संपतो. तरी घरांत कोंडलेली वेडी पत्नी आणि आग हीं तशींच राहिलीं. नायिकेच्या आत्मकथनाची जागा गाण्यांनीं घेतली हें रास्तच. हिंदी पटांत मनाचें बोलणें गाण्यांतूनच होतें. गंमत अशी कीं, त्यांतलें सर्वांत लोकांच्या ओठीं राहिलेलें गीत तलत महमूदच्या गळ्यांतून आलेलें, म्हणजे नायकाचें आहे.

आणि येथेंच मूळ अडचण पुन्हा समोर येते. कादंबरींत सर्वत्र 'मी' आहे. रॉचेस्टर कसा दिसतो, बर्था कशी दिसते, हें आपल्याला जेन सांगते तेवढेंच कळतें. लग्नाची वार्तासुद्धां ती वाचकाला उद्देशून एका लहानशा वाक्यांत देते आणि त्या वाक्याचा कर्ता ती स्वतः असते, तिचा नवरा नव्हे. कॅमेरा मात्र जेनच्या डोळ्यांत शिरत नाहीं; तो तिच्यासमोर उभा राहून तिलाच पाहतो. पाहणारी बाई पाहिली जाणारी बाई होते. कोणी निवेदनाचा आवाज जोडतो, कोणी तिला चित्रें काढतांना दाखवितो, कोणी नुसत्या चेहऱ्यावर भिस्त ठेवतो. विल्सन व वासिकोव्स्का यांच्या वेळीं हा तिसरा मार्ग बराच फळला, कारण त्या दोघींनाहि ऐकतां ऐकतां मनांत नोंद घेत असल्यासारखें दिसतां येतें.

पहिल्या भेटींत घोड्यावरून पडलेला रॉचेस्टर जेनच्या खांद्यावर भार देऊन उठतो. शेवटच्या भेटींत तो आंधळा आहे, एक हात गेलेला आहे, आणि पुन्हा त्याच खांद्यावर टेकतो. फुकुनागाचा पट या भेटीवर थांबतो. स्टीव्हनसनच्या पटांत पुढें निवेदनानें त्याची दृष्टि परत आल्याचें सांगितलें आहे. पुस्तकांतहि दोन वर्षांनीं एका डोळ्याला थोडें दिसूं लागतें आणि तो आपल्या पहिल्या मुलाला पाहतो. परंतु पुस्तक त्यावर संपत नाहीं. शेवटच्या ओळी दोघांविषयीं नाहींतच. त्या हिंदुस्थानांत एकट्यानें राबणाऱ्या, मृत्यूची चाहूल लागलेल्या सेंट जॉनविषयीं आहेत. त्याचें पत्र जेनच्या हातांत आहे, आणि तें वाचून ती रडते.